ह्युबर्ट तांडेलाचा नवस

भाटेबंदरात कुणालाही विचारा, ह्युबर्ट तांडेलानं नवस धरलाय असंच सांगतील. अकरा वर्षं हा माणूस दर रविवारी मिस्सेला येत होता, शेवटच्या बाकावर बसत होता, आणि कम्युनिअनचा प्रसाद घ्यायला सगळं गाव रांग धरून पुढं सरकलं की हा आपला गुडघ्यांवर. जागचा हलायचा नाही. एकुलता एक मुलगा समुद्रात गेला, त्याच्यासाठी बापानं हा उपास धरलाय, असं गावानं ठरवून टाकलं होतं. आणि गावानं एकदा ठरवलं की देवाची टाप नाही ते बदलायची. बदलून आलेल्या नव्या फादरांच्या कानातसुद्धा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हे घालायचं, आणि फादर आदरानं मान डोलवायचे.

ह्युबर्टनं स्वतः नवस हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. कुणी विचारलं तर तो खाली बघायचा, बस. पण खाली बघणाऱ्या माणसाला संत करायची आपल्या लोकांना भारी हौस. सणाच्या कमिटीचा अध्यक्ष कोण, तर ह्युबर्ट. दोन बोटवाल्यांची कडाक्याची भांडणं झाली तर पंच कोण, पुन्हा ह्युबर्ट. त्याची बायको आयरिनसुद्धा नवऱ्याच्या या उपासापुढं मनातल्या मनात हात जोडायची. कम्युनिअन घ्यायच्या आधी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढं पापं कबूल करायला जावं लागतं आणि तिथं खरं बोलावं लागतं, एवढ्या साध्या कारणासाठी माणूस अकरा वर्षं मागच्या बाकावर बसू शकतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

खरं काय होतं ते असं. पंच्याण्णव सालच्या थंडीत, गावच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, ह्युबर्ट होडी घेऊन समुद्रात गेला. बरोबर त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा रोशन, आयरिनचा धाकटा भाऊ अ‍ॅलन आणि डहाणूकडचे दोन खलाशी. सणाची रात्र ह्युबर्टच्या अंगात अजून होती, आणि सकाळी निघताना त्यानं त्यात आणखी भर घातली. डोलीचं जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं असतं. पाणी जोरात वाहत असतं तोवर त्याच्या दोराला हात लावायचा नाही. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात जाळं ओढून घ्यायचं. पाणी थांबलं की नाही हे ओळखायचं काम होडीच्या म्होरक्याचं, तांडेलाचं, आणि तांडेल बोलला की दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. ह्युबर्ट म्हणाला, ‘‘खेचा.’’ अ‍ॅलन एवढंच म्हणाला, ‘‘भावजी, पानी अजून चालतंय.’’ ह्युबर्टनं त्याला आईवरून शिवी दिली. मग सगळ्यांनी खेचलं.

दोर ताणला, सुटला, आणि रोशनला घेऊन गेला. अ‍ॅलननं एका हातानं रोशनचा शर्ट धरला आणि दुसऱ्या हातानं दोर. शर्ट फाटला. दोरानं अ‍ॅलनच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. रोशनचा देह तिसऱ्या दिवशी मनोरीच्या किनाऱ्याला लागला.

किनाऱ्यावर आयरिन धावत आली तेव्हा तिनं विचारलं, ‘‘काय झालं?’’ त्या वेळी ह्युबर्टच्या तोंडून निघालं, ‘‘अ‍ॅलननं दोर सोडला. प्यालेला व्हता तो.’’ ठरवून बोलला नव्हता तो. बायकोच्या डोळ्यांकडं बघून निघून गेलं तोंडातून. पण निघालेला शब्द गिळता येत नाही, आणि पोलिसांपुढं तो पुन्हा बोलावा लागला, मग फादरांपुढं, मग सगळ्या बंदरापुढं. अपघाताचं तांडेलालाच विचारतात आणि तांडेलाचाच शब्द धरतात, ही जुनी रीत. डहाणूचे खलाशी पुढच्या हंगामाला आलेच नाहीत. आणि अ‍ॅलन हाताला फडकं गुंडाळून गप्प बसला. गप्प का बसला, ते ह्युबर्टला कळलं नाही. विचारायची छाती नव्हती.

मग व्हायचं ते झालं. भाच्याला दारूत मारला म्हणून अ‍ॅलनला कुणी होडीवर घेईना. आयरिननं भावाला दारातून हाकलला, नाव टाकलं, शेजारच्या चौक गावातल्या माहेरच्या घराकडं पाठ फिरवली. अ‍ॅलन बायको-मुलीला घेऊन भाईंदर पूर्वेला एका खोलीत राहायला गेला आणि मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. समुद्रावर वाढलेला माणूस गाड्यांचे नंबर वहीत लिहायला लागला, तेही डाव्या हातानं.

दोन हजार सातच्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी, हाच अ‍ॅलन ह्युबर्टच्या अंगणात येऊन उभा राहिला. आयरिन बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील टांगत होती. तिनं भावाला बघितलं, हातातले बोंबील टोपलीत टाकले, आत गेली आणि दार लावून घेतलं.

अ‍ॅलननं त्या दाराकडं थोडा वेळ बघितलं. मग म्हणाला, ‘‘भावजी, माझ्या अ‍ॅलिशाचं लगीन हाय. तीन आठवड्यांनी, चौकातल्या घरीच मांडव घालतोय. आयरिनबायला सांगा.’’

‘‘ती येनार न्हाय,’’ ह्युबर्ट म्हणाला.

‘‘मी बोललो पोरीला. ती आयकत न्हाय. बोलते, आत्याशिवाय उंबराचं पानी आनायचं न्हाय.’’

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी घेऊन येतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. अ‍ॅलनच्या घराण्यात पहिला घडा आत्यानंच काढायचा. आत्या मेलेली असली तर गोष्ट वेगळी. जिवंत आत्या दोन मैलांवर बसून येत नाही म्हणजे तो शापच की. अ‍ॅलिशा चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसणारी, इंग्रजी फाडफाड बोलणारी मुलगी, पण या बाबतीत पक्की चौकातली.

‘‘बघतो,’’ ह्युबर्ट म्हणाला.

‘‘तुमचा गुडघा कसा हाय?’’ अ‍ॅलननं विचारलं, आणि उत्तर ऐकून निघून गेला. एक शब्द वाकडा बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या, गचांडी धरली असती, तर ह्युबर्टनं आणखी अकरा वर्षं सहज काढली असती. पण ज्याचं आपण वाटोळं केलं त्यानं आपल्या गुडघ्याची चौकशी करावी, हे त्याला सहन झालं नाही. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री त्याचा डोळा लागला नाही.

शनिवारी तो बस पकडून मीरा रोडच्या चर्चमध्ये गेला. गावच्या फादरांकडं जायची लाज वाटत होती, कारण गावचे फादर त्याला मानत होते. अनोळखी फादर बरा. पाप तेच, पण निदान ओळखपाळख नाही. रांगेत त्याच्या पुढं कॉलेजच्या चार मुली होत्या, त्या भराभर आटपून आल्या. याची पाळी आली तेव्हा जाळीपलीकडून आवाज आला, ‘‘इंग्लिश? हिंदी? कोकणी?’’

‘‘मराठी, फादर.’’

‘‘बोला. मी वसईचा आहे.’’

ह्युबर्ट बोलला. सुरुवात सापडेना म्हणून आधी लहानसहान पापं सांगितली, रागावलो, शिवी दिली. मग एकदम सगळं बाहेर पडलं. मागं रांगेतली माणसं खाकरायला लागली तरी फादरांनी त्याला थांबवलं नाही.

सांगून झाल्यावर फादरांनी विचारलं, ‘‘पत्नीला माहीत आहे?’’

‘‘न्हाय.’’

‘‘देव तुम्हाला क्षमा करतो. आत्ता, या क्षणी. त्यात काही उरत नाही, बाकी ठेवून तो क्षमा करत नाही. पण तुम्ही त्या माणसाचं नाव घेतलंय. ते त्याला परत द्यावं लागेल. हेच तुमचं प्रायश्चित्त.’’

‘‘बायको सोडून जाईल, फादर.’’

‘‘जाऊ शकते,’’ फादर म्हणाले. ‘‘ती जाणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. ती खोटी आशा होईल.’’ मग त्यांनी हात उचलून क्षमेचे शब्द म्हटले आणि ह्युबर्ट बाहेर आला.

त्याला हलकं वाटलं. खरंच वाटलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं. ते हलकेपण भाईंदरपर्यंत टिकलं. गावाकडं जाणाऱ्या उत्तनच्या बसमध्ये बसल्यावर तिथं भीती येऊन बसली, आणि भीतीही तशी जुनी नव्हती. आजवर तो पकडलं जायला भीत होता. आता तो आयरिनला गमवायला भीत होता. छप्पन्न वर्षांचा माणूस, या बायकोशिवाय त्याला चहासुद्धा करता येत नव्हता. पण प्रश्न चहाचा नव्हता. त्याचं तिच्यावर प्रेम होतं. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायची वेळ राहिली नव्हती.

चार दिवस त्यानं आज-उद्या केलं. गुरुवारी सकाळी आयरिन पडवीत करंदी निवडत बसली होती. तो तिच्यासमोर पाटावर बसला आणि म्हणाला, ‘‘आयरिन, अ‍ॅलननं दोर सोडला नव्हता. तो प्यालेला पन नव्हता. मी व्हतो.’’

तिचे हात चालूच राहिले. मग त्यानं सगळं सांगितलं, अ‍ॅलन काय बोलला, आपण काय शिवी दिली, शर्ट कसा फाटला. ती ऐकत होती. तिचे हात कधी थांबले ते त्याला कळलं नाही.

‘‘रोशनला म्हाईत व्हतं?’’ तिनं विचारलं. ‘‘तू प्यालायस ते?’’

इथं खोटं बोलता आलं असतं. मेलेला मुलगा साक्षीला येणार नव्हता. ‘‘हां,’’ ह्युबर्ट म्हणाला. ‘‘निघताना बोलला, पप्पा, आज नको जाऊ या. मी बोललो, बायलीसारखा भितोस काय.’’

आयरिन उठली. हात धुतले, लुगडं ठीक केलं, चपला घातल्या आणि चौकाच्या रस्त्याला लागली. रडली नाही, ओरडली नाही. तिनं त्याला मारलं असतं तर त्यानं मार खाल्ला असता. ती गेल्यावर ह्युबर्टनं उरलेली करंदी निवडून ठेवली, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

ती परत आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी मिस्सा सुटल्यावर ह्युबर्ट बंदरावर गेला. तिथं सगळे तांडेल जाळी शिवत बसले होते. त्यानं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. नाव परत द्यायचं तर ते जिथं घेतलं तिथंच द्यायला हवं, एवढं त्याला कळत होतं. तो बोलून थांबला. सुया थांबल्या. मग म्हातारा पास्कू तांडेल उठला, त्यानं ह्युबर्टच्या खांद्यावर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाला, ‘‘तू खरा देवमानूस हायस रं! मेव्हन्याच्या पोरीचं लगीन सुखाचं व्हावं म्हनून सोतावर घेतोस?’’

‘‘न्हाय, पास्कूकाका, खरं सांगतोय मी.’’

‘‘म्हाईत हाय, म्हाईत हाय,’’ पास्कू म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलवल्या. अकरा वर्षांचा नवस करणारा माणूस यापेक्षा वेगळं काय बोलणार! ह्युबर्टनं डोकं धरलं. खोटं बोलला तेव्हा गावानं एका दमात मानलं होतं, आणि आता खरं बोलायला गेला तर गाव त्याच्या डोक्यामागं आणखी एक वलय लावून मोकळं झालं. दुपारपर्यंत ही नवी महती गावभर झाली. संध्याकाळी दोन बायका त्याला जेवण देऊन गेल्या. त्यानं ते मांजरापुढं ठेवलं.

आठ दिवस त्यानं एकट्यानं काढले. होडीवर जायचा, यायचा, भात करपवायचा. प्रार्थनेला बसला की एकच वाक्य निघायचं, ‘देवा, ती येवो.’ मग त्याची त्यालाच लाज वाटायची, कारण त्यातसुद्धा आपलंच मागणं होतं. शेवटी तो नुसता बसायचा. क्षमा मिळालेला माणूस इतका दुःखी असू शकतो हे त्याला कुठल्याच प्रवचनात कुणी सांगितलं नव्हतं. पण एक मात्र होतं, रोशनच्या फोटोकडं आता तो सरळ बघू शकत होता.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, उन्हं कलली तेव्हा, तो चौकाला गेला. आमंत्रण नव्हतं. अ‍ॅलनच्या घरापासून लांब, विहिरीच्या वरच्या रस्त्यावर उभा राहिला. बायकांची मिरवणूक आली, लाल लुगडी, गजरे, पुढं बँडवाले. सगळ्यांच्या पुढं आयरिन होती, घडा घेऊन. अ‍ॅलिशा तिच्या दंडाला धरून चालत होती, आणि बाजूला अ‍ॅलन.

विहिरीपाशी आयरिननं दोर हातात घेतला, पण घडा सोडला नाही. मागं वळली. बँडवाल्यांना हातानं गप्प केलं.

‘‘पानी काढायच्या आधी एक आयका,’’ ती म्हणाली. तिचा आवाज मासळीबाजारात तयार झालेला, रस्त्यावर स्पष्ट येत होता. ‘‘अकरा वर्सं मी माझ्या भावाला शिव्या घातल्या. तुम्ही पन घातल्या. माझा रोशन याच्या हातून गेला न्हाय. याची बोटं गेली ती रोशनला धरताना. दारू माझा नवरा प्याला व्हता. त्यानं मना सोताच्या तोंडानं सांगितलंय.’’

एक म्हातारी पुटपुटली, ‘‘अगं, तो बिचारा तुझ्या भावासाठी...’’

‘‘बिचारा न्हाय तो!’’ आयरिन ओरडली. ‘‘पोऱ्या माझा हाय. मी सांगते. तिथं वर उभा हाय, इचारा त्याला.’’

तिनं त्याला केव्हाच बघितलं होतं तर. सगळ्या माना वर वळल्या. पन्नास-साठ बायका, चार बँडवाले, दारात उभे असलेले पुरुष, त्यांत पास्कू तांडेलही होता. ह्युबर्टला खाली बघावंसं वाटलं. त्यानं बघितलं नाही.

‘‘हां,’’ तो मोठ्यानं म्हणाला. ‘‘खरं हाय. आनि माझा कुठला नवस पन नव्हता. कन्फेशनला जायची हिंमत नव्हती.’’

या वेळी कुणी मान डोलवली नाही. पास्कूनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. बायका कुजबुजायला लागल्या, एकीनं बोटं मोडली. ह्युबर्टनं ते सगळं घेतलं. दुखलं, फार दुखलं, पण ते त्याचं होतं, दुसऱ्याच्या अंगावरून काढून परत आणलेलं. खाली आयरिननं घडा विहिरीत सोडला आणि भरून वर ओढला. तो तिनं अ‍ॅलिशाच्या कमरेवर ठेवला, तेव्हा मघाची म्हातारी अ‍ॅलनकडं गेली आणि त्याच्या तुटक्या हाताचा मुका घेतला. मग बँड वाजायला लागला.

मिरवणूक मांडवात गेली. ह्युबर्ट घराकडं वळणार तेवढ्यात अ‍ॅलन चढ चढून वर आला.

‘‘भावजी, जेवायला चला.’’

‘‘मना कुनी बोलावलं न्हाय.’’

‘‘मी बोलावतोय ना.’’

‘‘अ‍ॅलन, तू तवा बोलला का न्हायस? एवढी वर्सं?’’

अ‍ॅलननं खांदे उडवले. ‘‘तुम्ही तांडेल व्हतात. आनि बायचा पोऱ्या गेला व्हता. नवरा पन काढून घ्यायचा काय तिचा?’’ मग म्हणाला, ‘‘मी काय संत न्हाय हां. गेटवर बसून रोज शिव्या घालायचो तुमाला. चार-पाच वर्सं घातल्या. मग थकलो. पोरगी मोठी व्हायला लागली, घरात कडू तोंड घेऊन किती बसनार.’’

‘‘माफ कर मना,’’ ह्युबर्ट म्हणाला.

‘‘केलं. कवाच केलं. चला, जेवन थंड व्हतंय.’’

मांडवात पंगत बसली होती. अ‍ॅलननं त्याला आपल्या शेजारी बसवलं. ह्युबर्टच्या दुसऱ्या बाजूला जो बसला होता तो उठला आणि समोर जाऊन बसला. ती जागा रिकामीच राहिली. कुणी बोलत नव्हतं त्याच्याशी. हे असंच राहणार होतं, कदाचित बरीच वर्षं, आणि ह्युबर्टला ते कळत होतं.

आयरिन वाढायला आली. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात पळी. टोकापासून ती एकेका पानावर वाढत येत होती. ह्युबर्टच्या समोर आली आणि थांबली. सगळी पंगत जेवायची थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं. नऊ दिवसांत ती वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि त्या डोळ्यांत राग तसाच होता, लपवलेला नव्हता. तिनं पळीभर रस्सा त्याच्या पानात वाढला.

‘‘घरी कवा येईन ते इचारू नको,’’ ती म्हणाली.

‘‘न्हाय इचारत.’’

‘‘तुझं तोंड बघितलं का रोशन दिसतो मना. किती दिवस दिसेल ते म्हाईत न्हाय.’’

ह्युबर्टच्या डोळ्यांतून पाणी गळून रश्शात पडत होतं, आणि सगळी पंगत बघत होती.

आयरिननं पातेलं कमरेवर सावरलं. ‘‘येईन पन,’’ ती म्हणाली, आणि पुढच्या पानावर वाढायला गेली.